झाशीची उडी आणि सिनेमाचा सेट

आज मी झाशीच्या किल्ल्यावर उभा आहे. पाठीशी दामोदरला बांधून राणी लक्ष्मीबाईंनी घोड्यावरून जिथून उडी घेतली म्हणतात, ती जागा इथले लोक आवर्जून दाखवतात. खाली डोकावलं की पोटात गोळा येतो. राणी एप्रिल १८५८ मध्ये रात्रीच्या अंधारात, निवडक स्वारांसह शहराच्या दरवाजातून बाहेर पडली, असं बरेच अभ्यासक मानतात. पण लोकांना उडी आवडते, आणि सिनेमाला तर फारच.

आता अडचण अशी, की दंतकथेतल्या उडीत कुणाचं हाड मोडत नाही. सेटवर मोडतं. हॉलिवूडच्या 'जेसी जेम्स' या १९३९ च्या चित्रपटात एका घोड्याला कड्यावरून नदीत पाडलं. तो मेला. लोक इतके चिडले, की पुढच्याच वर्षी अमेरिकेत चित्रीकरणातल्या जनावरांवर देखरेख सुरू झाली. आपल्याकडे २००१ च्या नियमांमुळे जनावर वापरण्याआधी परवानगी घ्यावी लागते.

आणि माणसांचं काय? राणीवरच्याच 'मणिकर्णिका'च्या वेळी, २०१७ साली हैदराबादला, तलवारबाजीत कंगना रनौत यांच्या कपाळाला जखम झाली. १५ टाके पडले. बातम्यांत कौतुक झालं ते धाडसाचं. 'मदर इंडिया'च्या आगीचंही तेच. सुनील दत्त यांनी नर्गिसना ज्वाळांतून बाहेर काढलं, ही गोष्ट आपण प्रेमकथा म्हणून सांगतो. आग आटोक्याबाहेर गेलीच कशी, हे कुणी विचारत नाही.

मला मात्र ८ फेब्रुवारी १९८९ ही तारीख विसरता येत नाही. म्हैसूरच्या प्रीमियर स्टुडिओत 'द स्वोर्ड ऑफ टिपू सुलतान' या मालिकेचं चित्रीकरण चालू असताना आग लागली. ६२ माणसं गेली. नायक-दिग्दर्शक संजय खान गंभीर भाजले, पण वाचले. त्यांचं नाव आपल्याला ठाऊक आहे. त्या ६२ जणांपैकी एकाचं तरी नाव तुम्ही ऐकलंय का? मीही या भागाची तयारी करेपर्यंत ऐकलं नव्हतं.

इतिहास सांगणारे आम्ही लोक इथेच चुकतो. तटावरून उडी मारणारा आम्हाला दिसतो, दिव्याची वायर ओढणारा दिसत नाही. सेट चार दिवसांचा असतो. लाकूड, कापड, रंग, सगळं पेट घेणारं. म्हणून बाहेर पडायची वाट मोकळी आहे का, आग विझवायची सोय हाताशी आहे का आणि 'आज हा शॉट नको' म्हणायचा अधिकार कुणाला आहे, हे कॅमेरा सुरू व्हायच्या आधी ठरायला हवं.

अंधार, दरवाजा आणि सोबतचे स्वार राणीनेही आधी बघून ठेवले असणार. तिच्यावर पुढचा सिनेमा काढणाऱ्यांनी एवढं तरी तिच्याकडून घ्यावं. भेटू पुढच्या भागात.