ॲव्हरेज किती देत्या?

गेल्या दिवाळीत मुरगूडहून कोकणात जायचं ठरलं. राधानगरी, दाजीपूर, मग फोंडा घाट उतरून देवगड. बाबा शेजारच्या सीटवर. घाटमाथ्यावर गाडीच्या पडद्यावर आकडा होता, उरलेल्या पेट्रोलवर २१० किलोमीटर जाल. घाट उतरून फोंड्यात पोचलो तर तोच आकडा २४०! बाबा बराच वेळ पडद्याकडे बघत होते. मग म्हणाले, "उतारानं टाकीतलं पेट्रोल वाढतंय म्हण की."

परतताना नेमकं उलटं झालं. फोंड्यात ११० दाखवत होता, वर दाजीपूरला आलो तेव्हा ५२. अंधार पडलेला, दोन्ही बाजूंना जंगल, मागे आई आणि पोरं. मी एसी बंद केला, गाणी बंद केली (गाण्यांनी पेट्रोल किती वाचतं देव जाणे). बाबांनी किलोमीटरचा आकडा विचारला, टाकी कधी फुल्ल केली होती ते विचारलं, मनाशी काहीतरी हिशेब केला आणि म्हणाले, "चार-साडेचार लिटर हाय अजून. गप चालव." राधानगरीत पंपावर ३४ लिटर बसलं. टाकी ३७ लिटरची. म्हणजे तीन लिटर शिल्लक होतं, आणि दाजीपूर ते राधानगरी जे जळलं ते धरलं तर बाबांचा हिशेब चोख होता!

घरच्या मंडळींना बाबांची वही माहीत आहेच. बाकीच्यांसाठी सांगतो. नव्वदच्या दशकात बाबांची एक कमांडर जीप होती, मुरगूड-निपाणी वडापला. वडाप म्हणजे काय हे कोल्हापूर-सांगली-साताऱ्याच्या माणसाला सांगायला नको. इतरांनी एवढंच समजावं की एसटी येईपर्यंत थांबायचं नसेल तर ज्या जीपमध्ये नऊच्या जागी पंधरा माणसं बसतात ते वडाप. अमावास्येला आदमापूरला बाळूमामाच्या दर्शनाची गर्दी, लग्नसराईत वऱ्हाडाची भाडी, मधेच जोतिबा नाहीतर नरसोबाची वाडी. रोजचं अंतर वेगळं, म्हणून बाबा रोज रात्री वहीत लिहायचे. मीटर किती, डिझेल किती, ॲव्हरेज किती.

आता तुम्ही म्हणाल, जीपला काटा होता ना? होता की. पण त्या काट्यावर कुणाचाच विश्वास नसे. टाकीत एक तरंगता गोळा, त्याला जोडलेली दांडी, गोळा खाली गेला की विजेचा अडथळा बदलतो आणि काटा हलतो. टाकी काही चौकोनी डबा नसते, त्यामुळे पहिली अर्धी टाकी संपता संपत नाही आणि उरलेली अर्धी बघता बघता जाते. चढाला डिझेल मागे सरकलं की काटा वेगळंच सांगतो. म्हणून वडापवाले टाकीत काठी घालायचे! ओली खूण किती वर आली त्यावर लिटर ठरायचं. स्कूटरला तर तेही नव्हतं. बजाज चेतकवाल्याला रिझर्व्हची चावी फिरवायची आणि पंप शोधायचा, एवढंच ठाऊक.

एसटीचं काम मात्र पहिल्यापासून हिशेबाचं. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर पहिली गाडी सुटली. पुढे एसटीत इंधनाचं माप पडलं ते 'केपीटीएल', म्हणजे दहा लिटरला किती किलोमीटर. एका लिटरला साडेचार म्हटलं की फरक डोळ्यात भरत नाही, दहा लिटरला पंचेचाळीस आणि त्रेचाळीस म्हटलं की भरतो. गाडीवर पडदा नाही, पण चालकाच्या नावापुढे आकडा आहे. आणि आकडा माणसाच्या नावापुढे लागला की तो नुसता इंजिनाचा राहत नाही. आमच्या घरी नेमकं हेच झालं.

(पुढचं बाबांना विचारून लिहितोय. आधी "कशाला" म्हणाले, मग दोन दिवसांनी फोन करून "लिही" म्हणाले.)

बाबांच्या जीपवर एक ड्रायव्हर होते. आम्ही पोरं त्यांना मामा म्हणायचो, नाव लिहीत नाही. पावसाळ्यापूर्वी जीपचे टायर बदलले. दुकानात नेहमीच्या मापाचे नव्हते, एक माप मोठे होते. चिखलात बरे पडतील म्हणून चारी तेच बसवले. त्यानंतर वहीत ॲव्हरेज अकरावरून सव्वादहावर आलं. दिवसाला साधारण लिटरभर डिझेलचा हिशेब लागेना. एक आठवडा, दोन आठवडे, महिना. जीपच्या धंद्यात लिटरभर डिझेल रोज कमी पडलं की त्याचा एकच अर्थ लावला जातो. ड्रायव्हर तेल काढतो. बाबांनी थेट विचारलं नाही. पण टाकीच्या झाकणाला कुलूप बसवलं. कुलूप लावूनही आकडा तोच, तेव्हा किल्लीची नक्कल काढली असणार अशी बाबांनी समजूत करून घेतली. दसऱ्यानंतर मामांना काढलं. मी तेव्हा सातवी-आठवीत असेन. मामा जाताना किन्नर पोराला गाडीचं फडकं देऊन गेले, तेवढं आठवतं.

दुसरा ड्रायव्हर आला. ॲव्हरेज सव्वादहा. "हापण त्यातलाच." तोही गेला. मग बाबांनी स्वतः पंधरा दिवस जीप चालवली. सव्वादहा!

तेव्हा निपाणीच्या एका मिस्त्रीने चाकांकडे बघून विचारलं, टायर कधी बदलले. जीपचा मीटर गिअरच्या बाजूने निघालेल्या केबलवर चालतो. तो चाकाचे फेरे मोजतो, रस्ता नाही मोजत. टायर मोठा झाला की एका फेऱ्यात रस्ता जास्त कापला जातो, पण मीटरला ते कळत नाही. बाबांनी हायवेच्या किलोमीटरच्या दगडांवर ताडून पाहिलं. जीप शंभर पळाली की मीटर ९२-९३ दाखवत होता. म्हणजे दिवसाला दीडशे किलोमीटर होत असतील तर मीटरवर १३९. जीप दीडशेचं डिझेल पीत होती आणि वही १३९ चा जाब विचारत होती. लिटरभराची चोरी ती हीच.

बाबा मामांच्या घरी गेले. मामा तोवर उसाच्या ट्रॅक्टरवर लागले होते. परत यायला नाही म्हणाले. चहा मात्र दिला. "मालक, तुम्ही मीटरला इचारलं, मला इचारलं न्हाई," एवढंच बोलले म्हणे. बाबांनी हे वाक्य मला पहिल्यांदा सांगितलं ते दाजीपूरच्या त्या अंधारात, पडद्यावर ५२ आकडा असताना.

म्हणून हा पडदा नक्की काय मोजतो ते मी नीट समजून घ्यायला बसलो.

त्याचा इतिहास तसा लांबचा. १९७३ ला तेलाचे भाव भडकले आणि जगभर सगळ्यांना एकदम ॲव्हरेजची आठवण झाली. अमेरिकेत त्याच दशकात नव्या गाडीवर सरकारी ॲव्हरेजची चिठ्ठी चिकटू लागली. आपल्याकडे १९७८ साली पेट्रोलियम संवर्धनासाठी पीसीआरए ही संस्था निघाली. त्याच साली कॅडिलॅकच्या सेव्हिल गाडीत मोटोरोलाची चिप घातलेला 'ट्रिप कॉम्प्युटर' आला, उरलेल्या इंधनावर किती जाल ते सांगणारा. साध्या गाड्यांत त्या काळी इंजिनाची ओढ मोजणारा एक काटा असे, हिरव्यात राहा, लाल टाळा. आपल्या टीव्हीएसच्या काही मोटरसायकलींवरचे 'इकॉनॉमी' आणि 'पॉवर' असे दिवे आठवतात? ते त्याच काट्याचे भाऊबंद. कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोल किती गेलं ते मोजायची सोपी सोयच नव्हती. इंजेक्शन आलं तेव्हा ती झाली. इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा होता ते कॉम्प्युटरला माहीत असतं, कारण तोच तो उघडतो. दाब ठरलेला, म्हणजे वेळेवरून थेंब मोजता येतात. आपल्याकडे २००० च्या आसपास मारुती ८०० सुद्धा इंजेक्शनवर आली, आणि १ एप्रिल २०२० ला बीएस-६ लागू झाल्यावर बहुतेक दुचाकीही.

म्हणजे पडदा वाटतो तेवढा थापाड्या नाही. पण तो टाकीतलं पेट्रोल मोजून ॲव्हरेज सांगत नाही. इंजेक्टर नवा असताना जेवढं सोडायचा तेवढंच आजही सोडतो असं धरून चालतो. अंतर चाकाच्या फेऱ्यांवरूनच. झिजलेला टायर लहान असतो, म्हणून अंतर थोडं फुगतं. मामांच्या टायरची गोष्ट, फक्त उलट्या बाजूने. आणि 'किती जाल' हा आकडा तर निव्वळ अंदाज. टाकीत उरलेले लिटर गुणिले मागच्या काही किलोमीटरचं ॲव्हरेज. मागे घाट उतरला असाल तर पुढेही उतारच आहे असं तो समजतो. घाट चढला असाल तर सगळं जग चढाचं. रस्ता त्याला दिसतच नाही.

मी दिवाळीपासून सहा महिने बाबांसारखी वही ठेवली. दर वेळी टाकी फुल्ल, नोझल आपोआप बंद होईपर्यंत, शक्यतो त्याच पंपावर. एका भरण्यावर काही ठरवू नका, नोझल कधी लवकर बंद होतं कधी उशिरा, लिटर-दीड लिटरचा फरक सहज पडतो. आठ-दहा भरण्यांची बेरीज घ्या. माझी बेरीज अशी आली, पडदा १८.९, वही १७.६. म्हणजे सात टक्के गोड. सगळ्या गाड्या एवढ्याच चुकतात असं नाही, पण चूक सहसा गोड बाजूलाच असते असं माझं मत. कडू आकडा दाखवून गाडी कोण विकणार? ('कितना देती है'ची जाहिरात विसरलो नाही ना आपण?)

पंपावर शंका असेल तर तिथलं पाच लिटरचं माप मागा, तो आपला हक्क आहे. पाच लिटरला २५ मिलिलिटरपर्यंत फरक कायद्याने चालतो, म्हणजे अर्धा टक्का. पडद्यापेक्षा पंप बराच इमानी निघाला.

आणि जाहिरातीतला आकडा ही तिसरीच भानगड. पुण्यात वेताळ टेकडीवर १९६६ पासून एआरएआय आहे. तिथे गाडी रोलरवर पळवतात, वीसेक मिनिटांचं ठरलेलं चक्र, जास्तीत जास्त वेग ताशी ९०. फोंडा घाट त्यात नाही, मुरगूडच्या बाजाराची गर्दीही नाही. दोन गाड्यांची तुलना करायला ते ठीक, पण लोक तो आकडा घरी घेऊन जातात. युरोपात २०२१ पासून प्रत्येक नव्या कारला आपलं खरं इंधन आतल्या आत नोंदवावं लागतं, आणि त्या नोंदीत पाच टक्क्यांपेक्षा जास्त चूक चालत नाही. त्या नोंदी गोळा करून २०२४ मध्ये अहवाल निघाला. पेट्रोल-डिझेल गाड्यांचा खरा धूर प्रयोगशाळेतल्यापेक्षा वीसेक टक्के जास्त, आणि प्लगवाल्या हायब्रिडचा साडेतीनपट! विजेच्या गाड्याही यातून सुटलेल्या नाहीत. थंडीत रेंज किती घटते ते नीट सांगितलं नाही म्हणून दक्षिण कोरियाने २०२३ साली टेस्लाला दंड केला.

बाबांना यातलं सगळ्यात पटलं ते मात्र इथेनॉल. २०२५ साली देशभर पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल झालं. लिटरमागे इथेनॉलमधली ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी. सरकारने २०२५ मध्ये सांगितलेला आकडा असा, ई-२० साठी जुळवलेल्या गाडीला एक-दोन टक्के घट, इतरांना तीन ते सहा. आणि हे इथेनॉल येतं कुठून? काही भाग उसातून. आमच्या भागातला ऊस बिद्रीला जातो, हमीदवाड्याला जातो, कागलच्या शाहू कारखान्याला जातो, आणि शाहू कारखाना इथेनॉल करतो. "आपलाच ऊस आपल्या टाकीत," बाबा म्हणाले, "आन् आपलंच ॲव्हरेज खातोय."

वही आता बाबांनी ताब्यात घेतली आहे. मी पुण्याहून फोनवर मीटर आणि लिटर सांगतो, ते लिहितात. पडद्याच्या आकड्याला त्यांनी वेगळा रकाना दिलाय, आणि त्याच्या शेजारी अजून एक आखलाय, टायरची हवा आणि माप. मागच्या रविवारी तो रिकामा राहिला म्हणून रात्री साडेनऊला फोन आला.