लुगड्याचा उत्तरकाळ : गोधडीचा इतिहास

महाराष्ट्रातील वस्त्रांचा इतिहास बहुधा पैठणीच्या आणि शालूच्या अंगाने लिहिला गेला, आणि ज्या वस्त्राखाली इथली बहुसंख्य माणसे पिढ्यान्‌पिढ्या झोपली त्या गोधडीला त्यात फारच थोडी जागा मिळाली. गोधडी म्हणजे जुन्या लुगड्या-धोतरांचे थर एकावर एक अंथरून धावदोऱ्याने, म्हणजे सुई कापडाच्या खालीवर नेत घातलेल्या सरळ टाक्याने, एकजीव केलेले पांघरूण. काही भागांत तिलाच वाकळ म्हणतात. ठेवणीतली वस्त्रे पेटीत टिकली, गोधडी मात्र वापरातच संपत गेल्याने तिचे जुने नमुने दुर्मीळ आहेत.

जीर्ण कापडाला पायरीपायरीने खालच्या कामाला लावण्याची रीत मात्र फार जुनी आहे. बौद्ध भिक्षूंच्या आचारनियमांचा संग्रह असलेल्या विनयपिटकातील चुल्लवग्गात कौशांबीचा राजा उदयन बुद्धाचा शिष्य आनंद याला विचारतो, की दान मिळालेल्या पाचशे वस्त्रांचे तो काय करणार; त्यावर आनंद सांगतो, की ती जीर्ण चीवरे, म्हणजे अंगावरची वस्त्रे, असलेल्या भिक्षूंना दिली जातील, त्यांच्या जुन्या चीवरांची अंथरुणावरची आच्छादने होतील, आणि असे उतरत उतरत ते कापड पायपुसणे व धूळ झटकण्याचे फडके होऊन अखेर चिखलात कालवून जमिनीच्या लिंपणात जाईल. महाराष्ट्रातील लुगड्याचा प्रवासही जवळजवळ याच क्रमाने होत असे : नेसण्यातून गेलेल्या लुगड्याची गोधडी, तिच्या धड उरलेल्या भागाचे तान्ह्या बाळासाठी दुपटे, आणि शेवटी सारवणाचे पोतेरे.

या कामामागे कापडाचा बारीक हिशेब होता. नऊवारी लुगड्याची लांबी सुमारे सव्वाआठ मीटर आणि पन्हा, म्हणजे रुंदी, साधारण सव्वा वार. त्याचे चार तुकडे करून दोन-दोन शेजारी जोडले, की एकाच लुगड्यात गोधडीच्या दोन्ही बाजू निघतात. फाटलेले, विरलेले कापड आतल्या थरांत जाई, आणि जिथे ते अधिक झिजले असेल तिथे जास्तीचा तुकडा घालून जाडी सारखी केली जाई. सारवलेल्या जमिनीवर हे थर ताणून पसरायचे, कडांवर दगड ठेवायचे, लांब कच्चे टाके घालून थर पक्के धरायचे, आणि मग कडेपासून आत सरकत ओळीला ओळ लावत शिवत जायचे. सुताच्या ओढीने दोन ओळींमधले कापड किंचित फुगते आणि त्यात हवा कोंडून राहते. गोधडीची ऊब मुख्यतः या कोंडलेल्या हवेची असते, आणि हे ज्ञान कोणत्याही ग्रंथाविना बायकांच्या बोटांतून पुढे गेले, याची नोंद आदराने घ्यायला हवी. पोर्तुगीजांनी गोव्यात आणलेल्या आफ्रिकी लोकांचे वंशज असलेला, आज उत्तर कन्नड जिल्ह्यात वसलेला सिद्दी समाजही अशाच जुन्या कपड्यांपासून कवंदी नावाची रंगीत गोधडी शिवतो.

घरातले सगळेच जुने कापड गोधडीत जात नसे. जरीचे आणि अजून नेसण्याजोगे कपडे बोहारणीकडे, म्हणजे जुन्या कपड्यांच्या बदल्यात भांडी देणाऱ्या फेरीवालीकडे, जात. जे तिनेही घेतले नसते ते गोधडीला येई. गोधडीसारख्या ठिगळांच्या वेषाला सार्वजनिक प्रतिष्ठा मिळाली ती संत गाडगेबाबांमुळे (1876–1956). अंगावरच्या गोधडीवजा वस्त्रामुळे लोक त्यांना गोधडे महाराजही म्हणत.

मुंबईत 1854 मध्ये कावसजी दावर यांनी कापडगिरणीचा पाया घातला, तरी त्यानंतरच्या गिरणीच्या कापडाने गोधडीचे फारसे बिघडले नाही, कारण तेही सुतीच होते आणि धुऊन धुऊन मऊ पडत होते. खरा पालट कृत्रिम धाग्याच्या साड्यांनी घडवला : त्या लवकर विरत नाहीत, घाम टिपत नाहीत, आणि त्यांचे थर शिवताना एकमेकांवरून सरकतात. सोलापुरी चादर आणि तयार ब्लँकेट स्वस्त झाल्यावर गोधडी शिवण्याची निकडही ओसरली. आज अनेक गावांत आणि शहरांत बचतगटांतील स्त्रिया मजुरी घेऊन गोधड्या शिवून देतात. पुष्कळदा आईच्या किंवा आजीच्या सुती साड्या गिऱ्हाईकच आणून देते, आणि त्या नसल्या तर आत जुने सुती कापड घालून वरून नवे, बाजारातून आणलेले कापड लावावे लागते.