ओरत्तनाडूचे छत्र

नव्या उद्योगास उत्तेजन देणे आणि भुकेल्यास अन्न घालणे ही सरकारची दोन निरनिराळी कामे, असे आम्ही कारभारी मंडळी समजतो. तंजावरजवळच्या ओरत्तनाडूचा इतिहास निराळे सांगतो.

1799 च्या तहाने दुसऱ्या सरफोजीराजांचा कारभार कंपनीकडे गेला. तरी 1801 साली त्यांनी रेसिडेंटास पत्र लिहून छत्रे आपल्या हाती राखण्याचा आग्रह धरला. ओरत्तनाडूच्या मुक्तांबाळ छत्रात वाटसरूंस अन्न व मुलांस विद्या मिळे. याच राजांनी 1805 साली तंजावरास देवनागरी छापखाना घातला आणि पुढल्याच वर्षी इसापनीतीचे मराठी भाषांतर, 'बाळबोध मुक्तावली', छापविले. नवे यंत्र आणि अन्नछत्र एकाच तिजोरीवर चालले.

परंतु हे सारे राजाच्या मर्जीवर होते. 1855 साली वारस नाही म्हणून संस्थानच खालसा झाले. याच प्रांती कामराजांच्या मंत्रिमंडळाने 1956 साली शाळांतून दुपारचे जेवण सुरू केले. 1958 साली मद्रासेजवळ गिंडीची औद्योगिक वसाहत उभी राहिली. जोडी जुनीच, पण तिचा जाब आता मतदार विचारू शकत होता. 1982 साली पुढच्या सरकारने जेवणाची योजना वाढविलीच. खर्चाचे टिपण लिहिताना हा फरक आम्ही ध्यानी ठेवावा.