सहा फुटांचा एक इंच

विमान लहान करण्याचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे ते आकाशात दूर जाऊ देणे. यात आपल्याला काहीच करावे लागत नाही. दुसरा म्हणजे त्याला बहात्तराने भागणे. आता बहात्तरच का, चांगले शंभर का नाहीत, असे दशमान पद्धतीत वाढलेली आपली पोरे विचारणारच. पण हा उद्योग निघाला इंग्लंडात, आणि तिथला हिशेब फूट-इंचांचा. सहा फूट उंचीचा, घरचे खाऊनपिऊन सुखी असा माणूस घ्यायचा आणि त्याला एक इंचाचा करायचा. बारा सक बहात्तर, झाले काम! १९३२ साली जेम्स हे स्टीव्हन्स या गृहस्थाने (यातला ‘हे’ नावाचाच भाग आहे, सर्वनाम नव्हे) ‘स्कायबर्ड्‌स’ या नावाने लाकूड आणि धातूचे संच बाजारात आणले ते या मापाने. तेव्हापासून आजपर्यंत जगभरचे बापे आणि मुलगे या मापाची विमाने चिकटवीत बसले आहेत. बोटेही चिकटतात, पण तो इतिहासाचा भाग नव्हे.

१९३६ साली ‘फ्रॉग’ या इंग्रज मंडळींनी लाकूड सोडून प्लॅस्टिक धरले. फ्रॉग हे बेडकाचे नाव नसून ‘जमिनीवरून थेट उडते’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे होती, कारण त्यांची आधीची खेळणी खरोखर उडत. प्लॅस्टिकची ही नवी विमाने मात्र उडणारी नव्हती. मग त्यांना नाव काय दिले? ‘पेंग्विन’! पंख आहेत पण उडत नाही. इतका प्रामाणिक कारखानदार पुन्हा झाला नाही. मात्र ते जुने प्लॅस्टिक असे की काही वर्षांत त्याचे पंख पावसाळ्यातल्या पापडासारखे वाकू लागत.

इथवर सगळे पोरखेळाचे चालले होते. मग युद्ध आले.

३ सप्टेंबर १९३९ रोजी ब्रिटनने युद्ध पुकारले आणि तिसऱ्याच दिवशी सकाळी इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर भोंगे वाजले. स्पिटफायर विमाने वर गेली, त्यांना समोर शत्रू दिसला, त्यांनी दोन विमाने पाडली. दोन्ही ब्रिटिश हरिकेन निघाली. त्या सकाळी तिथे एकही जर्मन विमान नव्हते. एक वैमानिक वाचला. दुसरा, माँटेग्यू हल्टन-हॅरप, गेला. पुढे ज्या स्पिटफायरचे एवढे गोडवे गायले गेले, तिने युद्धात पाडलेले पहिले सावज हे असे घरचेच होते. घोटाळा खाली रडारपासून सुरू झाला होता, एकट्या वैमानिकाच्या माथी मारण्यात अर्थ नाही. पण वर, ताशी तीनशे मैलांच्या वेगात, शेवटचा निवाडा डोळ्यांनीच करायचा होता. आणि अर्ध्या मैलावरून हरिकेन काय किंवा मेसरश्मिट काय, दोन्ही आडव्या रेघाच.

तेव्हा ते बहात्तर कामाला आले. १९४२ साली अमेरिकेच्या नौदलाने देशभरच्या शाळांना साकडे घातले: आम्हाला ५० प्रकारच्या विमानांची प्रत्येकी १०,००० लाकडी मॉडेले करून द्या. एकूण ५ लाख! माप तेच, एकास बहात्तर. रंग काळा, कारण ओळखायचे ते अंगावरच्या नक्षीवरून नव्हे, आकारावरून. हे विमान ३५ फुटांवर धरले की खरे विमान जवळजवळ अर्ध्या मैलावरून दिसावे तेवढेच दिसते. म्हणजे सुतारकामाच्या तासाला बसलेला चौदा वर्षांचा पोरगा पंखाचे टोक कानशीने घाशी, ते जरा जास्त गोल झाले तर मास्तर मॉडेल नापास करीत, आणि त्या नापास करण्याला अर्थ होता. त्या टोकाच्या गोलाईवरून कुठेतरी बोटीवरचा तोफवाला घोड्यावरचे बोट उचलणार किंवा दाबणार होता. आमच्या शाळेतही हस्तव्यवसायाचा तास होता. त्यात आम्ही टाकीत असलेल्या बास्त्यांवर कोणाचा जीव अवलंबून नव्हता, याचे आज बरे वाटते.

युद्ध संपल्यावर विमाने पुन्हा पोरांकडे आली. ‘एअरफिक्स’ ही कंपनी निकोलस कोव्ह नावाच्या मूळच्या हंगेरियन माणसाने १९३९ साली काढली ती हवा भरायच्या रबरी खेळण्यांसाठी. नावातला ‘एअर’ तो हा. युद्धानंतर ती चक्क कंगवे करीत होती. कंगव्यांचे यंत्र पुढे ट्रॅक्टरकडे, जहाजाकडे वळले आणि १९५३ साली तिथून दोन शिलिंगांची स्पिटफायर बाहेर पडली. ती दुसऱ्याच्या मॉडेलची नक्कल होती, पण पोरांना काय त्याचे! फ्रॉगचे पुढे वाईट झाले. १९७० च्या दशकात दुकान बंद पडले आणि साचे निघाले सोव्हिएत रशियाला. रशियनांनी ते घेतले, पण जर्मन आणि जपानी विमानांचे साचे नको म्हणाले. लढाई संपून तीस वर्षे झाली होती आणि विमाने वीतभर प्लॅस्टिकची होती, तरी नको!

एकदा माणूस बहात्तरावर आला की एकशे चव्वेचाळीसावर जायला वेळ लागत नाही. १९७१ मध्ये शिझुओकाच्या चार जपानी कंपन्यांनी मिळून एकास सातशेच्या युद्धनौका काढल्या. त्यांच्या डेकवरचे झीरो विमान पंखांच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सतरा मिलिमीटर, म्हणजे शेंगदाण्याएवढे. जत्रेत तांदळावर नाव कोरून देणारा कारागीर आपल्याला ठाऊक आहे, पण तो निदान पैसे घेतो.

आमचा भाचा एकशे चव्वेचाळीसवाला. घरी गेले की स्वागत होते ते “मामा, पंखा लावू नका” या शब्दांनी. त्याच्याकडून मला कळले की इतक्या लहान मापात खरेपणा परवडत नाही. डोक्याचा केस १४४ पटीने मोठा केला तर बोटाएवढा जाड दोर होतो, म्हणजे विमानाची तार म्हणून केससुद्धा जाडच. मग तो प्लॅस्टिकच्या चौकटीची काडी मेणबत्तीवर धरतो, मऊ झाली की दोन्हीकडून ओढतो, आणि एकतारी पाकासारखी तार निघते. पत्र्यांच्या सांध्यांच्या रेघा मापात काढायच्या तर दिसणारच नाहीत. दिसतील एवढ्या काढल्या तर खऱ्या विमानात तिथे बोट जाईल. रंगही थोडा फिका द्यायचा, कारण लांबचे सगळे फिके दिसते. थोडक्यात, विमान खरे दिसावे म्हणून जागोजाग खोटे बोलायचे.

गेल्या दिवाळीत त्याने हरिकेन केले. १९४४ साली इंफाळला लढलेल्या आपल्या हवाई दलाच्या पहिल्या स्क्वाड्रनचे. पुढे हवाई दलाचे मार्शल झालेले अर्जन सिंग तेव्हा तिचे प्रमुख होते. त्याच्या पंखावरचे बोधचिन्ह मसुरीच्या डाळीहून लहान, पाण्यात भिजवून चिमट्याने सरकवलेले. त्यात नेहमीचा लाल ठिपका नव्हता. मी विचारले तर म्हणाला, ब्रह्मदेशाच्या आघाडीवर तो काढूनच टाकला होता. लांबून जपान्यांच्या लाल सूर्यासारखा दिसे आणि आपलेच आपल्यावर गोळ्या झाडण्याची भीती.

शेजारी त्याने त्याच मापाचे मेसरश्मिट ठेवले आणि साडेसतरा फूट मोजले. एकास एकशे चव्वेचाळीसला तेवढ्यातच अर्धा मैल होतो, पण त्यांच्या हॉलमध्ये साडेसतरा फूट नाहीत, म्हणून मेहुण्यांना दार उघडून जिन्यात उभे केले. “बाबा, जर्मन कोणतं?” मेहुण्यांनी चष्मा पुसला, डोळे बारीक केले आणि ठामपणे सांगितले, “डावं. पाडा.”

“बाबा,” भाचा म्हणाला, “ते आपलं होतं.”