१८६ नंबरचा कॉल
थ्रेडचा क्रमांक सांगणारा गेटटीआयडी हा सिस्टीम कॉल लिनक्सच्या कर्नलमध्ये २००१ सालीच आला. ग्लिबसी या सी लायब्ररीत मात्र त्याचं फंक्शन आलं ते थेट ऑगस्ट २०१९ मध्ये, २.३० आवृत्तीत. मधली अठरा वर्षं आम्ही कॉलचा नंबर हाताने देऊन काम भागवलं. मी तर ६४ बिटचा १८६ हा आकडाच कोडमध्ये लिहिला होता. ३२ बिटच्या मशीनवर तोच कोड चढवला आणि रात्रभर लॉग चाळत बसलो. तिथे गेटटीआयडी २२४ वर. १८६ वर भलताच, सिगऑल्टस्टॅक! असले आकडे सांभाळणं हे लायब्ररीचंच काम, असं मला तेव्हापासून वाटतं. २०१९ मध्ये अनेकांची गेटटीआयडी याच नावाची घरगुती फंक्शनं नव्या हेडरला धडकली, कंपायलर अडला. माझ्या चार ओळी मी त्याच दिवशी खोडल्या.