गोवराचं देणं

"गोवर उतरला म्हणजे सुटलो असं नाही, त्याचं देणं वर्षभर फेडावं लागतं," असं माझी आजी म्हणायची. बुऱ्हाणपूर तेव्हा खंडवा जिल्ह्यात होतं. शनवाऱ्याकडच्या आमच्या गल्लीत दोन-तीन वर्षांआड उन्हाळ्याच्या तोंडाशी गोवर यायचा. ज्या घरात तो आला त्याच्या चौकटीला कडुलिंबाचा डहाळा लागायचा. फोडणी बंद, तळण बंद, बाहेरून आलेल्यानं पाय धुतल्याशिवाय आत यायचं नाही. पाच-सहा दिवसांत पुरळ काळवंडायचं, ताप उतरायचा, पाल्याच्या पाण्यानं पोराला न्हाऊ घातलं जायचं. आजीची खरी धास्ती तिथून पुढे सुरू व्हायची. तिची दोन लेकरं गोवर बरा झाल्यावर गेली. एक जुलाबानं, दुसरं छाती भरून. गोवर आणि मरण यांच्यामधे काही महिने गेलेले. गावातल्या शहाण्यांनी या दोन गोष्टींचा संबंध कधी मानला नाही. तिनं मात्र सोडला नाही.

देवीच्या रोगाचं तसं नव्हतं, त्यावर टोचणं होतं. आजोबांच्या दंडावर टोचल्याचे वाटोळे वण होते, आणि टोचणारा आला की बाया पोरांना माळ्यावर कशा लपवायच्या हे ते रंगवून सांगत. या टोचण्याची हिंदुस्थानातली सुरुवात मुंबईची. 14 जून 1802 रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला पहिली लस टोचली गेली आणि तिच्या दंडावरच्या फोडातली लस पुढच्या मुलांना. दंडावरून दंडावर अशी ती देशभर पोचली. 1977 मध्ये भारत देवीमुक्त ठरला. गोवराची लस मात्र जगातच 1963 साली आली आणि आपल्या सार्वत्रिक लसीकरणात 1985 नंतर. माझ्या आत्या-काकांची अख्खी पिढी या मधल्या काळात वाढली, किंवा वाढली नाही.

आजीचं ‘देणं’ शास्त्रानं मोजलं ते 2019 साली. नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या मुलांचं गोवरापूर्वीचं आणि नंतरचं रक्त तपासलं, तेव्हा जुन्या आजारांविरुद्ध शरीरानं जमवलेली 11 ते 73 टक्के प्रतिद्रव्यं नाहीशी झालेली दिसली. गोवराचा विषाणू शरीराची आठवणच पुसतो. मग पूर्वी परतवलेले जंतू नव्यानं घरात शिरतात. हे वाचलं त्या रात्री मला आजीच्या त्या दोन लेकरांची नावं आठवली. ती नावं आमच्या घरात कुणी पुन्हा ठेवली नाहीत.

या गोवरावर आपल्याकडेच, पुण्यात, काम झालं. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातले बालरोगतज्ज्ञ डॉ. आशिष बावडेकर हे त्यातलं महत्त्वाचं नाव. सुईला शिकलेला हात लागतो, वापरलेल्या सुया नष्ट कराव्या लागतात. मग लसीचा फवारा करून मुलाला श्वासावाटे दिला तर? मेक्सिकोत 1980 च्या दशकात हे करून पाहिलं होतं. पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात नऊ ते बारा महिन्यांच्या 2,004 बाळांवर त्याची नीट चाचणी झाली. निम्म्यांना फवारा, निम्म्यांना सुई, आणि 91 दिवसांनी रक्ततपासणी. फवाऱ्यानं 85.4 टक्के बाळांत प्रतिद्रव्यं आली, सुईनं 94.6 टक्के. फवारा कमी पडला, आणि 2015 मध्ये हे तसंच छापलं गेलं.

मला या सगळ्या कामात हाच निकाल सर्वांत मोठा वाटतो. इतक्या वर्षांची मेहनत, इतक्या आयांनी मांडीवर धरलेली बाळं, आणि शेवटी ‘नाही’ असं स्पष्ट सांगायचं. गोवराची साथ थांबायला शंभरातली पंच्याण्णव मुलं सुरक्षित असावी लागतात. फवाऱ्यानंतरही उघड्या राहिलेल्या पंधराएक मुलांना तो बरोबर हुडकून काढतो.

जुलाबाच्या बाबतीत उत्तर ‘होय’ आलं. रोटाव्हायरसवरच्या देशी लसीच्या चाचणीत दिल्ली आणि वेल्लोरसोबत पुण्याचं केंद्रही होतं. बावडेकर तिथेही होते. 6,799 बाळांमध्ये पहिल्या वर्षी रोटाव्हायरसमुळे होणाऱ्या तीव्र जुलाबाचं प्रमाण निम्म्याहून जास्त घटलं. आजीच्या जुलाबानं गेलेल्या लेकराला असंच काही झालं असेल का, हे आता कुणी सांगू शकत नाही.

याच केईएमच्या डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांनी 1980 च्या दशकात लहान मुलांच्या यकृताच्या एका जीवघेण्या रोगाचा माग काढला होता. कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात तापवलेल्या दुधातलं तांबं त्याच्याशी जोडलेलं निघालं. रोगाचं कारण स्वयंपाकघरात जाऊन शोधायची ही रीत मला फार जवळची वाटते.

आमच्या अंगणवाडीत आता नर्सताई थंड पेटीतून गोवर-रुबेलाची कुपी काढतात, पुडीत पाणी मिसळतात आणि कुपीवर वेळ लिहितात. चार तास झाले की उरलेली लस टाकून द्यायची. पहिल्या डोसाला, नवव्या महिन्यात, बाया येतात. दुसरा 16 ते 24 महिन्यांत असतो. तोवर यंत्रमागाचं काम मंदावून घर सुरतेला किंवा भिवंडीला गेलेलं असतं. आशाताई फोन लावतात, "कार्ड नेलंय ना सोबत? मग तिथल्याच केंद्रात दाखवा, थांबू नका."