दहावी रसायनशास्त्र : बहुपर्यायी प्रश्न सोडवताना
बोर्ड कर्नाटकाचं असो, गोव्याचं की महाराष्ट्राचं, आपलं उत्तर पर्यायांत सापडलं म्हणजे ते बरोबर असेलच असं नाही. चुकीचे पर्याय नेहमीच्या चुकांवरूनच बेतलेले असतात.

उदाहरणार्थ, सामू ३ असलेल्या द्रावणात हायड्रोजन आयनांची संहती सामू ५ च्या द्रावणाच्या किती पट असते?
(अ) २ (ब) २० (क) १०० (ड) १०००

नुसती वजाबाकी केली की २ येतात, त्याला दहाने गुणलं की २०. ३, ४, ५ असे तीन टप्पे मोजले की १०००. तिन्ही चुका पर्यायांत हजर!

सामू एकाने कमी झाला की संहती दहापट होते. इथे फरक दोनाचा, म्हणून १० × १० = १००. बरोबर पर्याय (क).

त्यामुळे आधी पर्याय झाकून कच्चं गणित करावं, खूण नंतर.